ठाण्यातील ज्येष्ठ मंडळींना खुले पत्र : चालत्या-बोलत्या मुलाला पाजणाऱ्या आईला टोकू नका

प्रति,
ठाण्यातील बागांत, तलावांकाठी, लोकलच्या डब्यात आणि सोसायट्यांच्या आवारात भेटणाऱ्या सर्व ज्येष्ठ स्त्री-पुरुषांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी नौपाड्यात राहणारी, नोकरी करणारी एक आई आहे. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. ती वरणभात, नाचणीची आंबील, थालीपीठ असे घरातले सगळे खाते आणि अजून अंगावरही पिते. पाळणाघराच्या दारात, लसीकरणाच्या रांगेत, बागेतल्या घसरगुंडीपाशी ज्या आया भेटतात त्यांच्यापैकी अनेकींचा अनुभव माझ्यासारखाच आहे, म्हणून हे पत्र माझ्या एकटीचे समजू नये. बाळ तान्हे असते तेव्हा तुम्ही आपणहून सरकून बसता, गाडीत खिडकीची जागा देता, कोणी टक लावून बघत असेल तर त्याला दटावताही. तेच बाळ चालू-बोलू लागले की मात्र त्याच आईला त्याच गोष्टीबद्दल चारचौघांत टोकले जाते. हे टोकणे थांबवावे, एवढी विनंती करण्यासाठी मी लिहीत आहे.

तुम्हालाच लिहिण्याचे कारण असे की, तरुण माणसे बहुधा एकदा बघतात आणि मान फिरवतात. बोलतात ती वडीलधारी माणसे, आणि आपल्याकडे मूल कसे वाढवावे याबाबत वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असते. अनोळखी आजींनी बागेत उच्चारलेले एक वाक्य ती आई घरी घेऊन जाते, त्यावर सासू मान डोलावते, नवरा गप्प राहतो आणि पुढच्या आठवड्यात दूध तोडण्याची तयारी सुरू होते. घरात ‘चार लोक काय म्हणतील’ असे म्हटले जाते तेव्हा त्या चार लोकांत बहुधा तुमचीच गणना असते. त्यामुळे तुम्ही काय म्हणता, यावर एखाद्या मुलाचे दूध सुटणे किंवा टिकणे खरोखर अवलंबून असते.

जे बोलले जाते ते साधारण सगळीकडे सारखेच असते. ‘अगं, दात आले तिला, आता कशाला?’ ‘आता दूध कुठे उरलंय, नुसतं पाणी असतं.’ ‘अशाने जेवायची नाही हो ती.’ ‘घरी जाऊन दे की.’ यातले पुष्कळसे काळजीपोटी बोलले जाते हे मला समजते आणि त्या काळजीला उत्तर देणे मी माझे काम समजते. मात्र एक प्रकार असा आहे की ज्याला मी काळजी म्हणू शकत नाही. नेरूळला माहेरी जाऊन परतताना ठाण्याच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, मुलगी कंटाळली आणि माझी ओढणी ओढू लागली. मी तिला ओढणीआड घेतले. या वयाची मुले करतात तसे तिने ओढणी बाजूला सारली आणि खिडकीबाहेर बघत पिऊ लागली. समोरच्या बाकावरच्या, माझ्या आईच्या वयाच्या बाईंनी आधी मला ‘घरी गेल्यावर दे की, एवढी काय घाई?’ असे म्हटले, आणि मी काही बोलले नाही तेव्हा त्या पुढे वाकून मुलीला म्हणाल्या, ‘शी! एवढी मोठी झालीस ना? घाण असतं ते.’ मुलगी प्यायची थांबली, तिने त्यांच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. त्यानंतर बरेच दिवस ती प्यायला येण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघून खात्री करून घेत असे. मला काय वाटले ते बाजूला ठेवू. जी गोष्ट तिला जन्मापासून शांत करत आली आहे ती घाण आहे, असे एका मोठ्या माणसाने तिला सांगितले, आणि या वयात मोठी माणसे जे सांगतात ते मुलांना खरे वाटते. म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे की, मनात काहीही असले तरी मुलाशी असे बोलू नये. बोलायचेच असेल तर आईशी बोलावे.

आता त्या काळजीविषयी. ‘वर्षानंतर दुधाचे पाणी होते’ ही समजूत इतकी खोल रुजली आहे की कधीकधी दवाखान्यातही ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची शिफारस अशी आहे की, पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे आणि त्याच्या जोडीने स्तनपान २ वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानेही, २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘माँ’ नावाचा कार्यक्रम सुरू करताना, हेच धोरण समोर ठेवले आहे. म्हणजे माझी मुलगी आज ज्या वयाची आहे त्या वयात तिला पाजणे हा माझा हट्ट किंवा लाड नाही. अधिकृत सल्ला मी जसाच्या तसा पाळत आहे. एक ते दोन वर्षे या वयात मुलाच्या एकूण ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे एक तृतीयांश गरज आईच्या दुधातून भागू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखेरीज ‘अ’ जीवनसत्त्व, चांगल्या प्रतीची प्रथिने आणि स्निग्ध पदार्थही त्यातून मिळत राहतात. रोगांशी लढणारे घटक दुसऱ्या वर्षीही दुधात असतातच, आणि लायसोझाइमसारख्या काहींचे प्रमाण तर उलट वाढते. दूध पातळ दिसते म्हणून ते पाणी ठरत नाही. प्रत्येक वेळी पाजताना स्तनातले दूध सुरुवातीला पातळ आणि शेवटी शेवटी दाट येते, आणि ते मूल तान्हे असतानाही तसेच येत होते.

याचा खरा उपयोग मूल आजारी पडते तेव्हा कळतो. पावसाळ्यात ठाण्यात जुलाब-उलट्यांची साथ आली की घरोघरी मुले अन्नावर रुसतात, चमचा तोंडाजवळ नेला तरी मान फिरवतात. अशा वेळी अंगावर पिणारे मूल निदान तेवढे तरी घेते. जुलाबात मिठा-साखरेचे पाणी आणि झिंक देतानाच आईचे दूध चालू ठेवावे, हा डॉक्टरांचा कायमचा सल्ला आहे. गेल्या पावसाळ्यात मुलीला ताप आणि जुलाब एकदम झाले तेव्हा दोन दिवस तिने खिमटीला हात लावला नाही, आणि ज्या दुधाला नुसते पाणी म्हटले जाते त्याच्याच आधाराने ती तेवढा वेळ निभावली. त्या वेळी आमच्याच इमारतीतल्या एका आजींनी मला ‘बरं झालं तू अजून पाजतेस’ असे म्हटले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमच्यातलीच अनेक माणसे हे जाणतात.

आईच्या शरीराचाही यात लाभ आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून असे दिसून आले की, स्त्रीने आयुष्यात एकूण जितके महिने स्तनपान केले असेल त्या प्रमाणात तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो; प्रत्येक १२ महिन्यांमागे ही घट सुमारे ४.३ टक्के होती. पहिला वाढदिवस झाला म्हणून हा हिशेब थांबत नाही.

‘जेवायची नाही’ ही भीती मात्र अगदीच निराधार नाही, आणि त्याबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. उष्टावणानंतर आईच्या दुधावरच मूल ठेवले तर त्याला लोह कमी पडते, वजन अडते, आणि ‘पितेय ना, मग पुरे’ अशी वृत्ती चुकीचीच आहे. डाळ, पालेभाजी, अंडे, घरात खात असतील तर मासे-मटण हे सगळे रोज पोटात गेलेच पाहिजे आणि दूध त्याच्या जोडीला असले पाहिजे. दातांचेही तसेच. दात आलेल्या मुलाचे दात रोज घासले पाहिजेत आणि रात्रभर तोंडात दूध घेऊन झोपण्याची सवय वाढत असेल तर दंतवैद्याला विचारले पाहिजे. तुम्ही एखाद्या आईला शेजारी बसवून ‘काय काय खाते गं ही?’ असे विचारलेत, तर ती तुम्हाला दिवसभराचा पाढा वाचून दाखवील आणि तुमचा एखादा सल्ला घरी घेऊनही जाईल. ‘अजून पाजतेस?’ या प्रश्नातून तिला काहीच मिळत नाही.

मूल लाडावते, पदर सोडत नाही, असेही म्हणतात. पावणेदोन वर्षांचे मूल आईला धरून असणारच. अंगावर न पिणारीही धरूनच असतात, पाळणाघराच्या दारात सकाळी पाच मिनिटे उभे राहिले तर ते कोणालाही दिसेल.

तुमच्या पिढीवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. शहरात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकींना, तुम्ही तरुण असताना, पावडरच्या डब्याचे दूध हेच शास्त्रीय आणि सुधारलेले असे सांगितले गेले, आणि अंगावर पाजणे म्हणजे गावंढळपणा असे ऐकवले गेले. कित्येकींना मनात असूनही लवकर सोडवावे लागले. त्या जाहिरातींचा जोर इतका होता की पुढे संसदेला १९९२ मध्ये कायदा करावा लागला, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक करून २ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या पावडरी, तयार शिशुअन्न आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींवर बंदी घालावी लागली. आज दुकानातल्या प्रत्येक डब्यावर आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना छापावी लागते ती त्याच कायद्यामुळे. आईचे दूध टिकावे म्हणून झटणारे भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळे १९९१ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्यात स्थापन झाले. असे असताना आजही बागेत दोन वर्षांचे मूल बाटली तोंडात धरून हिंडले तर कोणी काही बोलत नाही आणि आईच्या कुशीत शिरले की बोलते, हे मला मनापासून खटकते. बाटली नीट उकळली गेली नाही तर तिच्यातून जुलाब होतात, हे तर तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहिले आहे.

राहिला प्रश्न ‘घरी जाऊन दे’ याचा. तान्ह्या बाळाच्या वेळा तरी साधारण ठरलेल्या असतात. चालत्या मुलाचे तसे नसते. ते पडते, गुडघा खरचटतो, अनोळखी कुत्रे भुंकते, झोप अनावर होते, गर्दीत घाबरते, आणि त्या प्रत्येक वेळी ते आईकडे येते. दोन मिनिटे पिऊन पुन्हा खेळायला पळते. मासुंदा तलावापाशी, जिथे संध्याकाळी अर्धे ठाणे फिरायला आलेले असते, तिथून रडणाऱ्या मुलाला घेऊन घरी जायचे म्हणजे रिक्षा मिळेपर्यंत ते आक्रोश करणार, आणि त्या आक्रोशाबद्दलही बोलणी आईनेच खायची. नोकरी करणाऱ्या आईची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे मूल ६ महिन्यांचे होताहोता ती संपते. त्यापुढे मुलाला आई मिळते ती संध्याकाळी. दिवसभर लांब राहिलेले मूल संध्याकाळी भेटताक्षणी जे मागते ते स्टेशनवर, रिक्षाच्या रांगेत किंवा पाळणाघराच्या पायरीवर मागते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला, मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सवड दिली होती. म्हणजे मूल वर्षाचे झाले की दूध बंद, असे साठ वर्षांपूर्वीच्या कायद्यानेही कधी मानले नव्हते.

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजण्यासाठी आडोशाच्या खोल्या, झाले आहेत, ते स्वागतार्ह आहेत, आणखीही व्हावेत, स्वच्छ राहावेत, त्यांना कुलूप नसावे. ज्या आईला आडोसा हवा आहे तिला तो मिळालाच पाहिजे. परंतु आडोसा उपलब्ध असणे म्हणजे त्यातच जाऊन बसण्याची सक्ती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठाने, सार्वजनिक ठिकाणी अशा सोयी कराव्यात असे सांगतानाच, सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी स्तनपान करण्याकडे लाजिरवाणी गोष्ट म्हणून पाहिले जाऊ नये, असेही स्पष्ट केले आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क (ङ) नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, याची त्या निकालात आठवण करून दिली आहे. तुमच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर सरकारी किंवा बँकेच्या नोकऱ्या केल्या, नियमाला मान दिला. म्हणून हे तुमच्यापुढे ठेवले.

आणखी एक गोष्ट मी बरेच दिवस पाहत आले आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात टोपलीमागे बसलेली भाजीवाली दोन वर्षांच्या मुलाला पाजता पाजता मेथीच्या जुड्या मोजून देते, घोडबंदर रोडला इमारतींच्या कामावरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगाशेजारी मोठ्या मुलांना पाजतात, आणि त्यांना कोणी काही म्हणताना मी पाहिले नाही. ते स्वाभाविक मानले जाते, किंवा त्यांच्याकडे लक्षच दिले जात नाही. बोलणे येते ते शिकलेल्या, कामावर जाणाऱ्या, ‘तुझ्यासारखीने तरी’ अशी अपेक्षा जिच्याकडून केली जाते त्या बाईच्या वाट्याला. दूध एकच, मुलाची गरजही एकच. मग जे एकीला चालते ते दुसरीला का चालू नये, याचा विचार व्हावा.

ज्येष्ठ पुरुषांना वेगळे सांगायचे ते थोडक्यात सांगते. तुमच्यापैकी बहुतेक जण काही बोलत नाहीत. उठून दुसऱ्या बाकावर जातात. उठायची गरज नाही. वर्तमानपत्र वाचत होतात तर वाचत राहावे. कोणी मोबाइलने चित्रण करताना दिसले तर त्याला तुम्ही अडवावे, कारण तुमच्या वयाच्या माणसाचा आवाज तिथे लागू पडतो आणि आईच्या हातात त्या वेळी मूल असते.

आता मागण्या. मुलाला ‘शी’, ‘घाण’, ‘लाज नाही का’ असे काही म्हणू नये. आईला काही विचारावेसे वाटले तर मुलाच्या खाण्याविषयी, वजनाविषयी विचारावे, आणि तिचे उत्तर ऐकून घ्यावे. दूध कधी सोडवायचे हे त्या आईला आणि तिच्या डॉक्टरांना ठरवू द्यावे. स्तनाला कोरफड किंवा कडुलिंब लावण्याचे उपाय न मागता सांगू नयेत. सोसायटीच्या बागेत किंवा प्रवेशद्वारापाशी बसून पाजणाऱ्या आईबद्दल कोणी तक्रार आणली, तर ती सभेपुढे न नेता तिथेच मिटवावी. आणि १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत आणि महिला मंडळांत डॉक्टरांची व्याख्याने होतच असतात. गुडघेदुखी आणि मधुमेहाच्या जोडीला एक व्याख्यान दुसऱ्या वर्षातल्या दुधावर ठेवावे. तान्ह्या बाळांच्या आया अशा व्याख्यानांना जातात, पण त्यांना घरी आणि बाहेर जे सांगितले जाते ते तुम्ही सांगता, म्हणून ते तुमच्यापुढे होणे अधिक गरजेचे आहे. बालरोगतज्ज्ञ बोलावण्याची खटपट आम्ही करू. मुलांना घेऊन येऊ, तुमच्या शंका ऐकू, आणि तिथे कोणाला भूक लागली तर तिथेच पाजू.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
नौपाड्यातील एक आई